यादीतून नाव कटते तेव्हा

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संगणकाच्या आज्ञावलीत एखाद्या यादीतून अटीनुसार नावे कशी काढतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. समाजवादी कार्यकर्त्यांच्या वर्गात या विषयाचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. परंतु आपण ज्या माणसांत काम करता त्यांच्या तोंडी गेल्या काही वर्षांत कोणते वाक्य सर्वांत अधिक आले आहे, ते आठवून पाहा. "साहेब, माझं नाव कटलं." रेशनच्या यादीतून कटले, रोजगार हमीच्या जॉबकार्डावरून कटले, कर्जमाफीच्या यादीत आलेच नाही, लाडक्या बहिणीचे पैसे बंद झाले. पूर्वी नाव कापणारा माणूस असे. तलाठी असेल, पुरवठा खात्यातील कारकून असेल, त्याच्या दारात आपण मोर्चा नेऊ शकत होतो. आज तहसील कार्यालयातील माणूस प्रामाणिकपणे सांगतो की, मी काही केले नाही, सिस्टिमने केले. ही सिस्टिम नेमके काय करते, हे समजून घेतल्यावाचून तिच्याशी भांडता येणार नाही.

क्रिया दिसायला अगदी साधी आहे. यादी घ्यावी, अट लावावी, अटीत सापडेल ते नाव काढून टाकावे. १९५८ साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प नावाची संगणकभाषा रचली. याद्यांवर प्रक्रिया करणारी भाषा म्हणूनच तिला ते नाव मिळाले. तिच्या पुढील पिढ्यांत दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. एक म्हणते, 'अट लागू झाली तर काढ.' दुसरी म्हणते, 'अट लागू झाली नाही तर काढ.' या दोन आज्ञांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळे राजकारण त्यांच्यामधील अंतरात साठलेले आहे. तत्पूर्वी एक लहानशी यांत्रिक गोष्ट सांगतो.

समजा, दहा मजुरांचे हजेरीपत्रक आहे. कारकून पहिल्या ओळीपासून तपासत खाली येतो. तिसरे नाव अपात्र निघाले, ते त्याने काढले. यादी लगेच वर सरकते आणि जो चौथा होता तो तिसरा होतो. पण कारकुनाचे बोट आता चौथ्या ओळीवर गेलेले असते. मूळचा चौथा माणूस तपासलाच गेला नाही. दोन बोगस नावे लागोपाठ असतील तर पहिले पकडले जाते आणि दुसरे निसटते. संगणक शिकणारा जवळपास प्रत्येक मुलगा ही चूक एकदा तरी करतो. दुसरा प्रकार याहून वाईट आहे. कारकुनाने आधी सगळी यादी वाचली आणि तिसरा व सातवा अपात्र, असे चिठ्ठीवर टिपून ठेवले. मग तिसरा काढला. यादी सरकली. आता चिठ्ठीनुसार सातवा काढला, तेव्हा जो गेला तो मूळचा आठवा! अपात्र माणूस यादीत राहिला आणि पात्र माणूस बाहेर पडला. शिवाय काढलेल्यांचा आकडा बरोबर दोनच आहे, त्यामुळे हिशेब तपासणाऱ्याला काहीच संशय येत नाही. यावरचे उपाय ठाऊक असलेले आहेत. खालून वर जावे, किंवा अनुक्रमांकाऐवजी माणसाची कायमची ओळख धरावी, किंवा जुनी यादी न खोडता ज्यांना ठेवायचे त्यांची नवी यादी करावी. चांगला प्रोग्रामर बहुधा तिसरा मार्ग पत्करतो, कारण त्यात जुनी यादी शाबूत राहते व दोन्ही शेजारी ठेवून कोण गेले ते पाहता येते. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी आपल्या कामाला येईल.

आता त्या दोन आज्ञांकडे वळू. 'ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक आहे त्यांना काढा' आणि 'ज्यांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत आहे त्यांनाच ठेवा', ही दोन वाक्ये आपल्याला एकाच अर्थाची वाटतात. शासन निर्णयात यांपैकी कोणतेही वाक्य लिहिले तरी मंत्रालयातील सचिव सही करतील. परंतु जिच्या उत्पन्नाचा रकाना कोरा आहे, त्या बाईचे काय? संगणकाच्या माहितीसाठ्यात कोऱ्या रकान्याला शून्य समजत नाहीत. 'माहीत नाही' समजतात. त्याची अडीच लाखांशी तुलना केली तर उत्तर खरेही येत नाही, खोटेही येत नाही. 'माहीत नाही' असेच येते. आणि अट 'खरी' ठरली तरच आज्ञा अमलात येते. म्हणून पहिल्या वाक्यात ती बाई यादीत राहते, कारण तिचे उत्पन्न अधिक आहे असे सिद्ध झाले नाही. दुसऱ्या वाक्यात तीच बाई बाहेर जाते, कारण तिचे उत्पन्न कमी आहे असेही सिद्ध झालेले नाही.

कायद्याच्या भाषेत याला पुराव्याची जबाबदारी म्हणतात. पहिल्या वाक्यात ती शासनावर आहे, दुसऱ्यात नागरिकावर. म्हणजे घटनात्मक महत्त्वाचा एक निर्णय कोणत्या तरी कंत्राटी कंपनीतील पंचविशीतला तरुण, बहुधा जेवणाच्या सुटीपूर्वी, एका ओळीत करून मोकळा होतो. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते, आणि ज्यांनी विचारायचे त्यांना हा प्रश्न अस्तित्वात आहे हेच ठाऊक नव्हते.

कोरा रकाना कोणाचा असतो, हे मी आपल्याला सांगायला नको. प्राप्तिकर भरणाऱ्याचा रकाना कधी कोरा नसतो. कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतील आंध आदिवासींच्या वस्तीत जन्माची तारीख नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, बोटांच्या रेषा कामाने झिजलेल्या. लग्न झालेल्या बाईचे आधार माहेरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या नावाने, बँकेचे खाते तिसऱ्याच वळणाचे. रोमन लिपीत एक अक्षर इकडचे तिकडे झाले की यंत्राच्या लेखी त्या दोन बायका. दिवाळीनंतर गाव सोडून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पडताळणीच्या दिवशी गावात नसते, म्हणून त्यांच्यापुढे 'आढळून आले नाहीत' असा शेरा पडतो. गरिबी म्हणजे पैशाची उणीव हे आपण अर्थशास्त्रात शिकवतो. नोंदीची उणीव हे तिचेच दुसरे अंग आहे, आणि नोंदीच्या आधारे गरीब शोधणारे यंत्र सर्वांत गरीब माणसालाच हमखास चुकते.

लाडकी बहीण योजनेचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या जून अखेरीस योजना जाहीर झाली आणि जुलैपासून २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये लागू झाले. अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, घरात प्राप्तिकरदाता किंवा सरकारी नोकर नसणे, ट्रॅक्टर वगळता चारचाकी नसणे, या अटी पहिल्या दिवसापासून कागदावर होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तोवर या अटी झोपलेल्या होत्या. निवडणुकीनंतर त्या जाग्या झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख स्त्रिया अपात्र ठरल्याचे महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितले. त्यांत २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या, १ लाख १० हजार पासष्टीच्या वरच्या. जुलै २०२५ मध्ये आणखी मोठा आकडा आला : २६ लाख ३४ हजार. माहिती तंत्रज्ञान विभागाने निरनिराळ्या खात्यांच्या याद्या एकमेकींवर ठेवून तो काढला होता, आणि त्यांचा लाभ जून २०२५ पासून तात्पुरता थांबवण्यात आला. म्हणजे आधी थांबवले आणि मग जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी. हा क्रम आपण नीट पाहावा. आधी तुरुंग आणि मागून खटला, असा हा क्रम आहे.

त्या यादीत सुमारे १४ हजार पुरुष होते, दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी स्त्रिया होत्या. हे खरे आहे, आणि ते दडवण्याचे आपल्याला कारण नाही. सरकारी नोकरीतल्या बाईने गरीब बाईचे पैसे घेतले असतील तर तिचे नाव काढलेच पाहिजे. समाजवाद्यांनी बोगस लाभार्थ्यांची वकिली केली तर लोक आपले दुसरे काहीही ऐकणार नाहीत. माझे म्हणणे इतकेच आहे की, चौदा हजारांचे उदाहरण देऊन सव्वीस लाखांचा निवाडा होत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्व लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी बंधनकारक झाले आणि त्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. पुन्हा कोरा रकाना! जिचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, जिची काडीमोड झाली, तिने काय भरायचे? ओरड झाल्यानंतर अशा स्त्रियांना मृत्यूचा दाखला वा घटस्फोटाची कागदपत्रे निराळी सादर करण्याची सोय देण्यात आली आणि मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली. शेतकरी आत्महत्यांनी गाजलेल्या या मराठवाड्यात एकल स्त्रियांची उणीव नाही. तरी रकाना आखताना त्या कोणाला दिसल्या नाहीत.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट नवी मुळीच नव्हे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगण्यास नकार दिला व 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा नोंदी झाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. स्वतःचे नाव नसेल तर मतदार नाही, ही अट लावली आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. सेन यांचा हेतू चांगला होता, त्यांची अट तत्त्वतः पुरोगामीही होती, आणि पुढील निवडणुकीपर्यंत पुष्कळ सुधारणा झाली. पण तेव्हा निदान असा निर्णय घेणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत आहे, त्याचे कारण नोंदलेले आहे आणि किती गेल्या याचा आकडाही त्यांच्याच आयोगाने दिलेला आहे. आज आपण एवढेही मागितले तर ते तांत्रिक बाब म्हणून टाळले जाते.

रेशनच्या यादीचा प्रश्न थोडा निराळा आहे, कारण तिची लांबीच ठरलेली आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक मिळाला. तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला होता. त्या जनगणनेत आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, लोक वाढले, इष्टांक तिथेच राहिला. ग्रामीण भागात वार्षिक ४४,००० रुपये ही उत्पन्नमर्यादाही त्याच काळातली. महिन्याला ३,६६७ रुपये, म्हणजे दिवसाला एका कुटुंबाला सव्वाशेच्याही आत. या अटीचे काटेकोर पालन केले तर नियमित मजुरी मिळणारे कोणतेही घर पात्र ठरणार नाही. अशा यादीत नवीन सून, नवे मूल घालायचे तर आधी कोणाचे तरी नाव निघावे लागते. त्यामुळे नाव काढणे ही बोगसगिरीविरुद्धची मोहीम राहत नाही, ती व्यवस्थेची रोजची गरज होऊन बसते. आणि गरीब माणूस दुसऱ्या गरीब माणसाचे नाव कधी कटते याची वाट पाहू लागतो. सर्वांत अधिक चीड मला या गोष्टीची येते.

याच जिल्ह्याने आणखी एक प्रकार पाहिला आहे. मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत असे. २०२३ मध्ये धान्य बंद करून दरमहा माणशी १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. येथे एकेक नाव काढलेच नाही, सगळी यादीच एका दुकानातून उचलून दुसऱ्या खिडकीवर ठेवली; आणि मग त्या खिडकीवर खाते आधारशी जोडलेले आहे का, ही नवी अट आली.

शेजारच्या तेलंगणाकडे पाहा. तेथे सुमारे १९ लाख शिधापत्रिका संगणकीय जुळवाजुळवीच्या आधारे रद्द झाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष घरी जाऊन फेरपडताळणीचा आदेश दिला. रोजगार हमीत २०२१-२२ साली देशभरात दीड कोटींच्या आसपास मजुरांची नावे वगळली गेली होती. लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार २०२२-२३ या एका वर्षात ती ५ कोटी १८ लाखांवर गेली. आधारवर आधारित मजुरीवाटप सक्तीचे होण्याचा हाच काळ. वगळण्याच्या अधिकृत कारणांत 'काम करण्यास इच्छुक नाही' असेही एक कारण आहे. पाच कोटी लोकांना कोणी विचारले होते, हे मात्र कोणत्याही रकान्यात सापडत नाही. श्रीमंत देशांचेही याहून बरे नाही. ऑस्ट्रेलियात वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून मदत घेणाऱ्या लाखो लोकांवर खोटी येणी लादली गेली. २०२३ साली तेथील चौकशी आयोगाने त्या योजनेचे वाभाडे काढले.

अर्थशास्त्रात या विषयाची मांडणी कॉर्निया आणि फ्रान्सिस स्ट्युअर्ट यांनी १९९३ साली केली. लाभार्थी निवडताना दोन प्रकारच्या चुका होतात. नको तो आत येतो आणि हवा तो बाहेर राहतो. एक कमी करू गेले की दुसरी वाढते. १९९७ मध्ये आपल्याकडे सार्वत्रिक रेशन मोडून दारिद्र्यरेषेखालचे व वरचे अशी विभागणी झाली, तेव्हापासून आपले सारे धोरण पहिल्या चुकीच्या धास्तीने आखले गेले आहे. पहिल्या चुकीत सरकारचे पैसे जातात, त्यावर महालेखापाल शेरा मारतात. दुसऱ्या चुकीत एका घरची चूल विझते, आणि त्यावर शेरा मारणारे कोणतेही कार्यालय नाही. दोन्ही चुका एकाच तराजूत तोलल्या जातात असे भासवणे, ही या विषयातील मूळ लबाडी आहे.

महाराष्ट्राने एकदा यावर फार सुंदर उत्तर शोधले होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. वि. स. पागे यांच्या त्या कल्पनेत पात्रतेची यादी नव्हती. उन्हात खडी फोडायला जो येईल तो पात्र. श्रीमंत माणूस येणारच नाही, त्यामुळे त्याला गाळण्यासाठी चाळणी लागत नव्हती. योजनेत खोट्या हजेरीपटांचे रोग होते, मजुरी उशिरा मिळे, हे सगळे मान्य. पण 'तू गरीब असल्याचे सिद्ध कर' असे ती कोणाला म्हणत नव्हती. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्याने हमी देशभर नेली, जॉबकार्ड आले, मग आधार आले, मग भ्रमणध्वनीवरून हजेरी आली. प्रत्येक पायरीवर एकेक अट वाढली, आणि प्रत्येक अट भ्रष्टाचार निपटण्याच्या नावानेच आली.

तेव्हा आपण काय मागावे? संगणक काढून टाका, असे मी म्हणणार नाही. तलाठ्याच्या मर्जीचे दिवस मी विसरलेलो नाही. मागणी अगदी नेमकी करावी. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५० च्या कायद्यात कलम २२ आहे. गाव सोडून गेला, अपात्र ठरला असे म्हणून मतदाराचे नाव काढायचे तर त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मताला असलेले हे संरक्षण भाकरीला का नसावे? बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांच्या फेरतपासणीत सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली, तेव्हा १४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने वगळलेल्यांची यादी कारणांसह प्रसिद्ध करण्यास सांगितले. आपली मागणी नेमकी तीच असावी : राहिलेल्यांची यादी आणि गेलेल्यांची यादी, दोन्ही, आणि दुसरीत प्रत्येक नावापुढे कोणती अट, कोणत्या खात्याच्या कोणत्या नोंदीवरून लागू झाली ते. 'अपात्र' एवढा शेरा पुरेसा मानू नये. प्रोग्रामर जुनी यादी जपून ठेवतो असे मी मघा म्हणालो. ती कुठे तरी असतेच. 'डेटा उपलब्ध नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना अटीचे वाक्यही मागा. कोरा रकाना आज्ञावली कसा वाचते, हा प्रश्न जिल्हा कार्यालयाला लेखी विचारा. उत्तर मुंबईहून मागवावे लागेल, तर मागवू द्या. अन्न सुरक्षा कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे आणि कलम २८ मध्ये सामाजिक लेखापरीक्षण आहे. ही कलमे आपण वापरली नाहीत तर ती छापील शाई म्हणून राहतील.

आणि ग्रामसभेचे. सेनगाव, वसमत, औंढा, कळमनुरी, हिंगोली, पाचही तालुक्यांत पुढील ग्रामसभेच्या आधी आठ दिवस प्रत्येक कार्यकर्त्याने एक गाव घ्यावे. अंगणवाडी सेविका आणि रेशन दुकानदार यांच्याकडून गेलेली नावे मिळवावीत, घरोघर जाऊन पाहावे आणि वहीत तीन रकाने करावेत : खरोखर अपात्र, चुकून गेलेले, आणि गावी नसलेले. पहिला रकाना लपवू नये, सभेत तोही वाचावा. तिसऱ्या रकान्यातील माणसे कारखान्यावर असतील, त्यांना फोन लावावा. शक्य तर ग्रामसभा तोडणी संपून लोक परतल्यावर, चैत्र-वैशाखात, १ मेच्या सुमारास धरावी. जानेवारीत अर्धे गाव बाहेर असते.